आमच्या स्टेशनचा थांबा

बीडला रेल्वे नव्हती तेव्हाही आमच्या खेड्याला होती. परळीहून परभणीकडं जाणारी लाईन निजामाच्या काळात टाकली आणि ती आमच्या शिवारातून गेली. माझ्या सासऱ्यांना याचा लई अभिमान. पाहुणा आला की त्याला ओसरीवर बसवून सांगायचे, "जिल्ह्याच्या गावी कलेक्टर राहतो, पर गाडी न्हाई. आन आमच्या दारात बघा, शिट्टी मारून येती."

दारात म्हणजे खरंच दारात. स्टेशनच्या फाटकासमोर आमचं किराणा दुकान, आणि दुकानामागं घर. स्टेशन दगडी, बसकं, पुढं पत्र्याची पडवी. फलाटावर लिंबाची झाडं. सासरे सांगायचे की पूर्वी इथं मास्तर होता, झेंडी दाखवणारे दोघं होते, त्यांची बिऱ्हाडं होती, आणि सुगीत कापसाच्या गाठी मालगाडीत भरायला बाहेरगावची हमाल मंडळी येऊन राहायची. मी लग्न होऊन आले तोवर मास्तर गेला होता. बिऱ्हाडांची छपरं पडली होती. गावातलाच एक जण ठेक्यावर खिडकीत बसून तिकिटं द्यायचा आणि गाडी गेली की खिडकी लावून शेतात जायचा. तरी सकाळची पॅसेंजर भरून जायची. परभणीला कॉलेजला जाणाऱ्या पोरी, गंगाखेडच्या बाजाराला भाजी नेणाऱ्या बाया, दुधाच्या कॅनवाले, दवाखान्याला निघालेली म्हातारी माणसं. या सगळ्यांचं अप-डाऊन आमच्या दुकानावरून. जाताना पुडी बिस्किटं, येताना साखर-चहापत्ती. गावात घड्याळं होती, पण माणसं म्हणायची, "पॅसेंजर गेली, उठा आता."

माझी धाकटी जाऊ याच गाडीनं नवरी होऊन आली. तिचं माहेर गंगाखेडकडं. अंगानं काटकुळी, आवाज मात्र मोठा. आमचं दोघींचं पहिल्यापासून फार जमलं असं नाही. तिला भाजीत गूळ लागायचा, मला चालायचा नाही. ती देवपूजेला बसली की लवकर उठायची नाही, विभूतीचं ताट तसंच राहायचं, आणि तोवर चुलीवरचं मी बघायचं. एका घरात राहणाऱ्या दोन बायांचं होतं तसंच. तिची मुलगी मात्र दोघींची. लेक आईपाशी निजायची आणि जेवायची माझ्या ताटात.

मुलगी दुसरीत असताना धाकटीचे पाय सुजायला लागले. आधी आम्हाला वाटलं, उभ्यानं काम असतं म्हणून. मग तोंड सुजलं, अन्नावरची वासना गेली, पोटात पाणी ठरेना. परळीच्या डॉक्टरनं रक्त तपासलं आणि मोठ्या दवाखान्याची वाट दाखवली. तिथं कळलं की दोन्ही किडन्या गेल्या. भाऊजी, म्हणजे माझे धाकटे दीर, दवाखान्याच्या पायरीवर बसले ते उठेनात. त्यांचं रक्त जुळलं नाही. तिच्या माहेरी देण्यासारखं कुणी उरलं नव्हतं. मला साखरेचं दुखणं, मला तर डॉक्टरनं विचारलंसुद्धा नाही. राहिलं ते रक्त धुणारं मशीन. जवळच्या सरकारी दवाखान्यात मशीनसाठी नंबर लागत नव्हता, परभणीत लागला. आठवड्यातून दोनदा जायचं, जन्मभर.

भाऊजींना रक्त बघवत नव्हतं. पहिल्याच दिवशी नळीतून तांबडं वाहताना बघून ते खाली कोसळले आणि नर्सबाईंना एकाऐवजी दोन रोगी सांभाळावे लागले. तेव्हा माझे मालक म्हणाले, "तू जा तिच्यासंगं. दुकान आमी दोघं बघतो." मी गेले. आणि मग जातच राहिले.

त्या गाडीनं आम्हाला कसं सांभाळलं ते सांगायला हवं. परळीहून एक बाई रोज बसून यायची. गंगाखेडच्या पलीकडं शाळेवर शिक्षिका होती. सगळे तिला मॅडम म्हणायचे, आम्हीही तेच म्हणू लागलो. चारच खेपांत तिनं ओळखलं की ही बाई बसायला जागा नसेल तर पडेल. तेव्हापासून आमच्या दवाखान्याच्या वारी ती खिडकीजवळच्या जागेवर आपली पिशवी ठेवून यायची. कुणी भांडलं तर म्हणायची, "पेशंट येणार आहे." भाजीवाल्या बाया टोपल्या सरकवून पाय लांब करायला जागा द्यायच्या. गार्डही ओळखीचा झाला होता. आम्ही फलाटावरून हळूहळू चालताना दिसलो की तो शिट्टी तोंडात धरून थांबायचा आणि आम्ही चढलो की मगच वाजवायचा.

जाताना ती बोलायची, येताना नाही. मशीनवरून उठली की पिळून काढलेल्या धडप्यासारखी व्हायची. येताना तिचं डोकं माझ्या मांडीवर, आणि ओकारी आली तर हाताशी प्लास्टिकची पिशवी. सगळ्यात हाल पाण्याचे. तिला मोजकं पाणी होतं, बाकी ओठ ओले करायचे. वैशाखात गाडीचा पत्रा तापलेला, सगळा डबा बाटल्या तोंडाला लावतोय, आणि ही लवंग चघळतेय. गंगाखेडजवळ गाडी गोदावरीच्या पुलावर जाते. लोक उठून हात जोडतात, नाणी टाकतात. एकदा नदीला भरून पाणी होतं. तिनं खिडकीच्या गजाला कपाळ टेकलं आणि म्हणाली, "अक्का, येवढं पाणी चाललंय, आन मला घोटभर न्हाई." मी पदर ओला करून तिच्या मानेवर ठेवला.

तिच्या हातात शीर जोडून गाठ केली होती, सुई टोचायला. त्या गाठीत रक्त इतक्या जोरानं वाहायचं की कान लावला तर घूं घूं ऐकू यायचं. मुलीला त्याचं भारी नवल. आईचा हात कानाशी धरून बसायची आणि म्हणायची, "मोठ्याई, आईच्या हातात गाडी चाललीय." धाकटी हसायची. त्या दिवसांत ती हसलेली मला फार थोड्या वेळा आठवते, त्यातली ही.

मग महामारी आली आणि गाड्या बंद झाल्या. एके दिवशी रूळ नुसतेच पडून राहिले. गावातल्या माणसाला ते आधी कळलंच नाही. माणसं फाटकापाशी येऊन लाईनीकडं बघून परत जायची. आम्ही पास काढला, दुधाच्या टेम्पोत पुढं बसून परभणी गाठायला लागलो. गावापासून डांबरी सडकेपर्यंतचा रस्ता काळ्या मातीचा, खड्ड्यांचा. प्रत्येक धक्क्याला ती दात आवळायची. जायला जितका वेळ लागे, त्याहून जास्त येताना लागे, कारण मधे मधे टेम्पो थांबवून तिला रस्त्याच्या कडेला बसवावं लागे. कधी टेम्पोच मिळायचा नाही. मग एक वार चुकायचा, तिचं तोंड सुजायचं, आणि आम्ही सगळे तिच्याकडं न बघता कामं करायचो. तरी एक आशा होती. गाडी एक ना एक दिवस सुरू होईल.

ती सुरू झाली. बातमी पेपरात आली आणि गावात दिवाळी. माझ्या मालकांनी स्टेशनची पडवी झाडून घेतली. बायांनी हळदी-कुंकू, नारळ आणला. तिकिटं देणारा माणूस इस्त्रीचा शर्ट घालून आला, पण त्याच्याकडं तिकिटंच आली नव्हती. तो म्हणाला, "येतील, गाडीत घ्या." धाकटीचा त्या दिवशी दवाखान्याचा वार होता. तिनं मला पहाटेच उठवलं. हिरवं लुगडं नेसली, पिशवी भरली, आणि आमच्या नेहमीच्या जागी, तिसऱ्या लिंबाखाली, उभी राहिली.

गाडी वळणावर दिसली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. कुणीतरी नारळ उचलून धरला. गाडीनं शिट्टी मारली, पण ती थांबायची शिट्टी नव्हती. लांबलचक, बाजूला व्हा असं सांगणारी. डबे एकामागून एक समोरून गेले. वाऱ्यानं कुंकवाचं ताट उडालं. एका खिडकीत मला मॅडम दिसली. ती उभी राहून दाराकडं निघाली होती आणि हातानं विचारत होती, काय झालं? मग शेवटचा डबा गेला आणि रुळांवर नुसती धूळ राहिली.

धाकटी जागची हललीच नाही. रुळाकडं बघत म्हणाली, "अक्का, ती इसरली का आपलं स्टेशन?"

विसरली नव्हती. गाडी तीच होती, नाव बदललं होतं. आता ती जलद होती आणि लहान स्टेशनांचा थांबा काढला होता. मी, भाऊजी, गावचे चार जाणते आणि कॉलेजच्या दोन पोरी असे मिळून रेल्वेच्या एका साहेबांना भेटायला गेलो. धाकटीही आली. तिला सांगितलं नको येऊ, तर म्हणाली, "माझंच काम हाय." साहेब माणूस वाईट नव्हता. त्यानं खुर्च्या दिल्या, चहा मागवला. सगळं ऐकून घेऊन म्हणाला, "तुमच्या स्टेशनला प्रवासी नाहीत हो. गाडी थांबवायची तर तेवढी तिकिटं खपली पाहिजेत."

"गाडी थांबतच न्हाई, तर तिकिटं कशी खपत्याल?" भाऊजी म्हणाले.

धाकटी खुर्चीतून पुढं झाली. हाताची पट्टी पदराखाली झाकत म्हणाली, "साहेब, आठवड्यातून दोनदा येक मिन्ट. माझ्यापुरती. मी लई दिवस न्हाई थांबवायला लावणार."

साहेबानं मान खाली घातली. "मी वर कळवतो," म्हणाला. त्यानं कळवलंही असेल. आम्हाला काही कळलं नाही.

त्या वर्षी भाद्रपदात पाऊस धरून बसला. आमच्या गावाच्या आणि सडकेच्या मधे ओढा आहे, त्यावर बुटका पूल. चार दिवस पूल पाण्याखाली होता. धाकटीचा एक वार चुकला. दुसऱ्या वाराच्या पहाटे भाऊजींनी मला हाक मारली. ती भिंतीला टेकून बसली होती, आडवं होता येत नव्हतं. श्वास घेताना छातीत पाणी उकळल्यासारखा आवाज येत होता. ओठ निळसर. बोलायला गेली की खोकला, आणि खोकल्यात गुलाबी फेस.

माझे मालक ओढ्यावर जाऊन आले. "पाणी कमरंच्या वर हाय. बाज बी जाणार न्हाई." रुळावरून उचलून न्यावं तर पुढचं स्टेशन कुठल्या कुठं. अँब्युलन्सवाला फोनवर म्हणाला, "सडकेपर्यंत येतो, तिथपर्यंत आणा." तिथपर्यंत आणता आलं असतं तर हवं काय होतं? भाऊजी अंगणात पावसात उभे होते. एकदम लहान पोरासारखे रडायला लागले. "आता काय करू, वयनी? सांगा ना. काय करू?"

तेवढ्यात मला गाडीची वेळ आठवली. मी मॅडमला फोन लावला. ती परळीहून निघून गाडीत बसली होती, मागं चाकांचा आवाज येत होता. मी म्हणाले, "मॅडम, हिला आज न्हाई नेलं तर ही जाती."

ती म्हणाली, "स्टेशनवर आणा तिला. मी बघते."

भाऊजींनी तिला पाठीवर घेतलं. मी मागून छत्री धरली, पण छत्रीचा उपयोग नव्हता. मुलगी दारात उभी राहून ओरडत होती, तिला माझ्या मालकांनी धरून ठेवलं. फलाटावर पोचलो तर गाडी वळणावर आलीच होती. तीच लांबलचक शिट्टी. इंजिन समोरून गेलं. एक डबा गेला, दुसरा गेला. भाऊजी म्हणाले, "न्हाई थांबत, वयनी." तेवढ्यात चाकं किंचाळली. सबंध गाडी हिसका खात हळू झाली, आणि फलाट सोडून पुढं गेल्यावर थांबली.

आम्ही खडीवरून पळालो. पळालो कसलं, भाऊजी घसरत होते आणि मी त्यांना मागून ढकलत होते. मॅडम दारात उभी होती, एक हात पुढं केलेला. फलाट नसला की डब्याची पायरी किती उंच असते ते मला त्या दिवशी कळलं. छातीला येते. धाकटीला खालून मी आणि भाऊजींनी उचललं, वरून मॅडमनं आणि दोन अनोळखी बाप्यांनी काखेत धरून ओढलं. तिची एक चप्पल खडीत राहिली. मला कुणी चढवलं ते आठवत नाही.

गार्ड छत्री घेऊन पळत आला. हा नवा होता. "चेन कुणी ओढली? कुणी ओढली बोला!"

"मी," मॅडम म्हणाली. "माझं नाव लिहून घ्या. पण आधी गाडी सोडा."

त्यानं आत डोकावून धाकटीकडं बघितलं. मग झेंडी दाखवत मागं गेला.

सगळा डबा उभा राहिला. एका बाईनं आपल्या लेकराला उचलून जागा दिली. धाकटीला झोपवता येत नव्हतं म्हणून मी तिच्या पाठीला पाठ लावून बसले, तेवढाच तिला टेका. समोर मॅडम तिचे हात चोळत होती. गंगाखेड गेलं, तिची शाळा मागं गेली, ती उतरली नाही. परभणीला स्ट्रेचर आलं. मी स्ट्रेचरबरोबर पळाले. वळून बघितलं तेव्हा मॅडम दोन पोलिसांमधे उभी होती आणि मला हातानं जा, जा, असं सांगत होती.

धाकटी त्या दिवशी वाचली. पण डॉक्टरनं भाऊजींना बाजूला घेऊन खडसावलं. "असं परत झालं तर मला सांगू नका. दवाखान्याजवळ राहा." राहायचं तर घर सोडायचं. परभणीत एका बोळात एक खोली घेतली, वर पत्रा, खिडकी नाही. भाऊजी तिथं गेले, एका दुकानात मोजमाप करायला लागले. मुलीची शाळा आमच्या गावात, म्हणून ती माझ्याजवळ राहिली. निघायच्या दिवशी ओढा उतरला होता, जीप आली होती. धाकटी लेकीचे केस विंचरत बसली ती संपेचना. वेणी घालायची, सोडायची, परत घालायची. जीपवाल्यानं हॉर्न दिला तेव्हा मला म्हणाली, "अक्का, तिला भाजीत थोडा गूळ घालत जा. तिला आवडतो." मी म्हणाले, "घालीन."

त्या बोळातल्या खोलीत ती हिवाळाभर जगली. आम्ही जाऊन भेटायचो, जेव्हा जमेल तेव्हा, सडकेनं. माघी पौर्णिमेच्या आसपास एका दुपारी मशीनवरच तिचं हृदय थांबलं. मी गावात होते. लेकीला शाळेतून आणायला मी गेले आणि वर्गाच्या दारात उभी राहिले. तिनं माझ्याकडं बघितलं आणि दप्तर न घेताच उठली.

मॅडमला त्या प्रकरणात कोर्टाच्या तारखा पडल्या. कामावरून सुट्टी काढून जायची. शाळेतही तिला विचारणा झाली. सुटली शेवटी, पण किती हेलपाटे मारले ते तिनं कधी सांगितलं नाही. धाकटीच्या दहाव्याला आली होती. मी तिचे पाय धरायला गेले तर तिनं मला वर ओढलं आणि म्हणाली, "मी चेन ओढून काय झालं ताई? पाचच महिने मिळाले." मी सांगितलं, त्या पाच महिन्यांत लेकीनं आईला पाच-सहा वेळा तरी बघितलं. भाऊजी गावात परत आले नाहीत. त्याच बोळात राहतात, त्याच दुकानात काम करतात. घरी ये म्हटलं की म्हणतात, "येतो," आणि येत नाहीत.

आता जिल्ह्याच्या गावालाही रेल्वे आली. त्या दिवशी टीव्हीवर दाखवत होते. माणसं इंजिनावर फुलं टाकत होती, म्हाताऱ्या रडत होत्या. आमच्या घरात सगळे बघत होते. मला त्या माणसांचा हेवा वाटला नाही, रागही आला नाही. मला त्यांच्यासाठी भीती वाटली. उठून आत गेले.

आणि आमच्या स्टेशनला गेल्या वर्षी थांबा परत मिळाला. तात्पुरता, असं म्हणतात. कुणी मिळवला यावर दोन पुढाऱ्यांची फलाटावर भांडणं झाली. दगडी इमारतीला पिवळा रंग दिला. तिकिटाची खिडकी उघडते, कधी उघडत नाही. सकाळची गाडी एक मिनिट थांबते. पोरगी आता परभणीला कॉलेजात आहे, तिनं जायचं त्याच गाडीनं. पहिल्या दिवशी मी तिला सोडायला गेले. गाडी आली, हळू झाली, थांबली. दारं समोर आली. भाजीवाल्या बाया चढल्या, दूधवाले चढले, काही झालंच नव्हतं असं सगळं चाललं होतं. पोरीनं पायरीवर एक पाय ठेवला आणि मागं वळली.

"मोठ्याई, मग तवा का थांबत नव्हती?"

मी म्हणाले, "चढ आधी, गाडी सुटंल." ती चढली. गाडी हलली. मी दुकानात आले तर गिऱ्हाईक उभं होतं, साखर मागत होतं. मी तराजू हातात घेतला आणि दुसऱ्या पारड्यात वजन न ठेवताच साखर ओतत राहिले, तेव्हा मालकांनी येऊन तो माझ्याकडून काढून घेतला.